दोन गावांत राहणाऱ्या घरांसाठी काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला म्हसरूळ-मखमलाबादच्या बाजूला, तुमच्या सोसायटीलगतच्या मोकळ्या प्लॉटांवर दिवाळीनंतर चाळीसेक कुटुंबं पाल ठोकून राहतात. बहुतेक पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतली, थोडी मध्य प्रदेशातली. तुम्ही दहा-बारा जण आहात. महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास जमतात आणि वेळ मुख्यतः रविवारचा. ब्लँकेटं वाटली, किराण्याचे किट वाटले, रविवारचा वर्ग सुरू केला. होळीला निम्मी मुलं गावी गेली, परत आली नाहीत आणि वर्ग मोडला. आता कुठला कार्यक्रम हाती घ्यावा आणि त्यासाठी संस्था नोंदवावी का, हे तुम्ही विचारता आहात.

वर्ग मोडला याचं वाईट वाटून घेऊ नका. तो चांगला चालला असता तरी होळीला मोडलाच असता, कारण तो तुमच्या वेळापत्रकावर बेतलेला होता. या कुटुंबांचं वर्ष वेगळं असतं. भात कापणी आटोपली, दिवाळी झाली की ती इकडे येतात. कुणी बांधकामावर, कुणी वीटभट्टीवर, कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला आणि पुढे काढणीला. होळीला गावी जातात. त्यातली काही परत येतात, काही नाही. जूनमध्ये आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, सगळी माघारी. यांचा कागद एका गावी असतो आणि पोट दुसऱ्या गावी. रेशन, अंगणवाडी, शाळा, लसीकरण, बाळंतपणाची मदत यासाठी सरकारने पैसे ठेवलेले आहेत, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका पत्त्याला बांधलेली आहे आणि हे घर वर्षातून दोनदा तो पत्ता ओलांडतं. ओलांडताना हक्क मागे राहतो. तुमच्यासारख्या छोट्या गटाला सगळ्यात उपयोगाचं काम इथेच आहे: घर हललं की त्याचा हक्कही त्याच्याबरोबर हलेल, हे पाहायचं.

आता यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. एकाच प्लॉटवर चार तऱ्हेची माणसं असतात. हंगामापुरतं आलेलं अख्खं कुटुंब, गावी म्हातारे आणि मोठी मुलं ठेवून आलेलं जोडपं, दहा-बारा वर्षं इथेच राहून फक्त सणाला गावी जाणारं घर आणि परराज्यातली एकटी माणसं. पुढे मी जे सांगतो ते मुख्यतः पहिल्या दोघांसाठी आहे. तिसऱ्यांना रेशनकार्ड आणि शाळा इकडे वळवून घेणं फायद्याचं ठरतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या एकट्या पुरुषांचे प्रश्न मजुरी, अपघात आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) असतात. ते वेगळं काम आहे, सुरुवातीलाच दोन्ही अंगावर घेऊ नका.

सुरुवात वहीने करा. एका कुटुंबाला एक पान. मूळ गाव आणि पाडा, तालुका, गावी फोन उचलणारा माणूस कोण, इथे जेवणारी माणसं किती आणि तिथे किती, रेशनकार्ड आहे का आणि कुठल्या रंगाचं, पाच वर्षांखालची मुलं, शाळेच्या वयाची मुलं आणि गावी ती कितवीत होती, घरात कुणी गरोदर आहे का, परत कधी जाणार. एवढंच. जातीचे, उत्पन्नाचे, जमिनीचे प्रश्न पहिल्या भेटीत विचारले की लोकांना वाटतं सर्वे आला, आता पाल उठवणार. आधारच्या झेरॉक्स गोळा करून स्वतःकडे ठेवू नका. त्या हरवतात, भलत्याच्या हाती लागतात आणि पुढे कुणाच्या नावावर सिमकार्ड निघालं तर संशय तुमच्यावर येतो. त्याऐवजी प्रत्येक घराला वीस-तीस रुपयांची चेन असलेली प्लास्टिकची फाइल द्या. पालात पाणी शिरतं, उंदीर लागतात. कागद कोरडे राहिले की निम्मे हेलपाटे वाचतात.

जायची वेळ संध्याकाळी सात ते नऊ, स्वयंपाक उरकल्यावर. किंवा आठवडे बाजाराचा दिवस. रविवारी सकाळी अकराला मोठी माणसं कामावर असतात आणि तुम्हाला फक्त मुलं भेटतात. बहुतेक गट मुलांच्या वर्गाकडे वळतात त्याचं एक कारण हेच आहे. एक-दोघांना महिन्यातून एखादा कामाचा दिवस मोकळा काढावा लागेल, कारण रविवारी सरकारी कार्यालयं बंद असतात. हे जमणार नसेल तर यातलं फारसं काही जमणार नाही, म्हणून ते आधीच ठरवा.

पहिलं काम रेशन. तुमच्या किटात दहा किलो सामान होतं असं धरू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, सर्वांत गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचं प्राधान्य कुटुंब नोव्हेंबर ते एप्रिल इथे राहिलं तर त्यांचं हक्काचं धान्य होतं १५० किलो. चाळीस घरांपैकी वीस घरांना ते मिळवून दिलंत तर तीन टन धान्य वस्तीत येतं आणि तुमच्या खिशातून जाते ती रिक्षाभाड्याची रक्कम.

कार्ड गावचं असलं तरी धान्य नाशिकच्या कुठल्याही रेशन दुकानात उचलता येतं. त्यासाठी अर्ज नको, बदली नको. बारा अंकी शिधापत्रिका क्रमांक किंवा आधार क्रमांक आणि ई-पॉस मशीनवर अंगठा, बस. मध्य प्रदेशच्या कार्डालाही हे लागू आहे. एक देश एक रेशनकार्डाची हेल्पलाइन १४४४५. हे कागदावर सोपं आहे, पण चार जागी अडतं.

एक, गावी आणि इथे मिळून धान्य एकच असतं. गावी सासऱ्याने महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांचं धान्य उचललं की इथे मशीन शून्य दाखवतं आणि दुकानदारावर उगाच राग निघतो. म्हणून आधी गावी फोन. तिथे किती माणसांचं उचलायचं आणि इथे किती, हे घरातच ठरू द्या. यात तुम्ही निवाडा करू नका, कारण गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचं पोटही त्याच धान्यावर असतं. दोन, केवायसी. घरातल्या ज्या माणसाची आधार पडताळणी झालेली नाही, त्याचं नाव अडकतं. हीही कुठल्याही दुकानात होते. लहान मुलांची नावं अनेकदा कार्डावर चढवलेलीच नसतात. तीन, अंगठा उमटत नाही. सिमेंट आणि विटांच्या कामाने बोटांच्या रेषा जातात. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहा. डोळ्यांच्या स्कॅनचं यंत्र असेल तर ते मागा. घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. चार, दुकानातला साठा. दुकानदाराला धान्य त्याच्या कार्डांच्या हिशोबाने येतं. बाहेरची पंधरा कार्डं महिनाअखेरीला एकदम आली तर त्याच्याकडे खरंच नसतं. वस्तीजवळची दोन-तीन दुकानं ठरवा, दुकानदारांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भेटून किती घरं येतील ते सांगा आणि घरं वाटून पाठवा. भांडणाने एका महिन्याचं धान्य मिळतं, ओळखीने वर्षभराचं. तरीही कुणी सरळ नकार देत राहिला तर १९६७ वर तक्रार नोंदवा आणि शहरात धान्य वितरण अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

नव्याने वेगळ्या झालेल्या जोडप्यांचा प्रश्न जरा लांबचा आहे. बाईचं नाव माहेरच्या कार्डावर, नवऱ्याचं बापाच्या, मुलांचं कुठेच नाही. आधी दोन्हीकडून नाव कमी केल्याचा दाखला, मग नवीन कार्ड. प्राधान्य गटाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. हंगामी घरांचं नवीन कार्ड मूळ तालुक्यातच काढावं असं माझं ठाम मत आहे. नाशिकचं कार्ड काढण्याच्या नादात गावचं नाव गेलं तर घरकुल, आदिवासी प्रकल्पाच्या योजना आणि पुढे मुलांच्या दाखल्यांना अडचण येते. अनुसूचित जमातीच्या जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० रोजी कुटुंब कुठे राहत होतं ते पाहिलं जातं, आणि त्याचे पुरावे पेठ-सुरगाण्यातच सापडणार.

दुसरं काम मुलांचं आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे: अंगणवाडी आधी, शाळा नंतर. आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेत येत नाही याचं कारण बहुतेक वेळा तिच्या कडेवर असतं. धाकट्याची सोय झाल्याशिवाय तिला कुणी सोडणार नाही, आणि तिने शिकावं म्हणून आईला कितीही समजावलं तरी आईकडे दुसरा पर्याय नसतो.

जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेला भेटा. स्थलांतरित मुलाला आणि गरोदर बाईला नाव घालून घेण्याचा हक्क आहे. अडतं ते पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये. नाव गावच्या अंगणवाडीत चढलेलं असतं, आणि तिकडून स्थलांतराची नोंद झाली नाही तर इथल्या सेविकेला ते घेता येत नाही. गावच्या सेविकेचा फोन नंबर मिळवून दोघींचं बोलणं करून दिलंत की बहुतेक वेळा काम होतं. वहीत गाव-पाडा नीट लिहायला सांगितलं ते यासाठीच. हेही ध्यानात घ्या की आदिवासी तालुक्यांत गरोदर आणि स्तनदा बायकांना अमृत आहार योजनेत रोज एक वेळचं ताजं जेवण मिळतं. शहरात आली की तिचं ते जेवण सुटतं. म्हणजे गावी बरी असलेली बाई इथे येऊन अशक्त होऊ शकते, हातात पैसे जास्त खेळत असतानाही. तुमच्या पैशांचा एक भाग याच बायकांसाठी ठेवा: अंडी, शेंगदाणे, गूळ, डाळ, दर आठवड्याला.

अंगणवाडी काही तासच चालते आणि आई सकाळी सातला गेलेली सहाला येते. या मधल्या वेळेसाठी वस्तीतल्याच एका बाईला मजुरीच्या दराने नेमा आणि तिच्याकडे लहान मुलं ठेवा. तीन वर्षांखालची असतील तर पाच-सहा मुलांमागे एक बाई, मोठी असतील तर दहामागे एक. प्यायच्या पाण्याचं झाकण असलेलं भांडं, दोन सतरंज्या, सावली, ओआरएसची पाकिटं. तुमच्या पंधरा हजारांतला सर्वांत मोठा वाटा इथे गेला तरी चालेल. मुलं ओळखीच्या भाषेत, कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत वागवली जातात, आणि थोरल्या मुली मोकळ्या होतात. मुलं मोठ्या बांधकामावर राहत असतील तर आधी ठेकेदाराला विचारा, कारण मोठ्या बांधकामावर कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद कामगार कायद्यात आहे.

दंडाचा घेर मोजायची पट्टी मागून घ्या, आशाताई किंवा सेविकेकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, पट्टी न आवळता. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि बोट दाबल्यावर खळगा राहत असेल तर घेर कितीही असो, त्याच दिवशी दवाखाना. अशा मुलाला बिस्किटं आणि दूध पावडर देऊन बरं करायचा प्रयत्न करू नका. त्याची जागा पोषण पुनर्वसन केंद्रात आहे. तिथे आईला मुलासोबत बरेच दिवस राहावं लागतं आणि आई नकार देते ती अडाणीपणाने नव्हे. घरी दुसरी दोन मुलं आणि बुडणारी मजुरी असते. म्हणून तिला पटवण्याआधी त्या दोन मुलांचं काय करायचं ते ठरवून जा. मुलांच्या जेवणाची आणि रात्रीची सोय शेजारणीशी बोलून झाली असेल तर आई येते.

आता शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ तुमच्या बाजूने आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही (कलम ५), आणि मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं (कलम ४). तरी मुख्याध्यापकांकडे कलमं घेऊन जाऊ नका. त्यांची अडचण खरी असते. शिक्षकांची पदं आधार जुळलेल्या पटावर ठरतात, एका मुलाचं नाव दोन शाळांत चढत नाही, आणि मार्चमध्ये निघून जाणारं मूल पटावर घेतलं तर वर्षाअखेरीस त्याचं काय दाखवायचं हा प्रश्न त्यांना पडतो. यावर महाराष्ट्रात तोड आहे ती शिक्षण हमी कार्डाची. गावच्या शाळेने मूल निघताना हे कार्ड द्यायचं, इथल्या शाळेने ते पाहून बसवून घ्यायचं, परत जाताना इथली हजेरी आणि प्रगती नोंदवून द्यायची. नाव गावच्याच पटावर राहतं. कार्ड न आणता आलेल्या मुलांसाठी गावच्या मुख्याध्यापकांना फोन करा; गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर बालरक्षक शिक्षक असतात, त्यांना मध्ये घ्या. मुक्काम सहा महिन्यांच्या आत असेल तर हमी कार्ड, वर्षभराचा असेल तर रीतसर दाखला हलवणं, असा ढोबळ नियम ठेवा. आश्रमशाळेत असलेलं मूल मात्र तिथून काढून इकडे आणायला कुणालाही उत्तेजन देऊ नका. सुट्टीला आलेलं मूल सुट्टी संपल्यावर वेळेवर आश्रमशाळेत पोचलं की नाही एवढं पाहा. गळती तिथेच होते.

तुमचा रविवारचा वर्ग बंद करू नका, पण त्याचं काम बदला. आठवड्यात शाळेत गेलेल्या मुलाला मागे पडलेलं वाचन-गणित भरून काढायला तो उपयोगी आहे, शाळेऐवजी म्हणून नाही. आणि नियम पहिल्या दिवसापासून लावा: मुलासोबत कधीही एकटा स्वयंसेवक नको, दोघे हवेत, आईबापाला न सांगता मुलाला गाडीवर कुठे न्यायचं नाही, मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. वर्गात एखाद्या मुलाच्या अंगावर मार दिसला किंवा कुणी काही सांगितलं तर १०९८.

गरोदर बाईसाठी वहीत वेगळं पान करा. तिच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, गावी किती तपासण्या झाल्या, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली का, हे पाहा. या पट्ट्यात ती तपासणी टाळून चालत नाही. कार्डाचा फोटो तिच्याच फोनमध्ये काढून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. बाळंतपण कुठे करायचं हे सातव्या महिन्यात विचारा. अनेकजणी गावी जातात, आणि तो निर्णय त्यांचा आहे. तुम्ही फक्त जाण्याची तारीख आणि १०८ हा नंबर पक्का करा. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. फॉर्म अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडून भरला जातो, पैसे आईच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात.

जन्माच्या दाखल्याची एक चूक वर्षानुवर्षं पाहतो आहे. बाळ नाशिकच्या रुग्णालयात जन्मतं, कुटुंब म्हणतं दाखला गावी ग्रामपंचायतीत काढू, आणि सहा वर्षांनी शाळेत कळतं की नोंद गावी होऊच शकत नाही. जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. नाशिक शहरात झाला तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. रुग्णालयातला जन्म रुग्णालय कळवतं, मात्र आईचं-बापाचं नाव आधारप्रमाणे लिहिलं गेलं का हे सुट्टी मिळायच्या आत पाहा. घरी किंवा पालात जन्म झाला तर २१ दिवसांत स्वतः कळवा. एक वर्षाच्या पुढे गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाळाचं नाव ठरलेलं नसेल तरी नोंद करून घ्या, नाव नंतर घालता येतं.

कामगारांच्या योजनांविषयी थोडक्यात. बांधकामावर काम करणाऱ्यांची कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६०, गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम, आणि त्याचा दाखला. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यापाशी, आणि तिथेच दलाल उभे असतात. नोंदणीची फी नाममात्र आहे. कुणी त्यासाठी हजार-दोन हजार मागत असेल तर ती लूट आहे. द्राक्षबागेत काम करणाऱ्याची खोटी बांधकाम नोंदणी करून देऊ नका, पुढे चौकशीत तोच अडकतो. ई-श्रम ही असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी: वय १६ ते ५९, मोफत, हेल्पलाइन १४४३४. त्याने लगेच पैसे मिळत नाहीत हे स्पष्ट सांगा, नाहीतर तुमच्यावरचा विश्वास जाईल.

मजुरीबाबत फार सांभाळून. प्रत्येक जोडप्याला एक छोटी वही द्या: तारीख, हजेरी, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), मिळालेली खर्ची, मुकादमाची सही किंवा पानाचा फोटो. लिहिता न येणाऱ्यांसाठी शाळेत जाणारं पोर लिहील. नव्वद टक्के भांडणं हिशोब लिहिलेला नसल्याने होतात असं आमच्या बाजूचे लोक म्हणतात ते उगाच नाही. मजुरी थकली तर तुम्ही दहा जण मिळून मुकादमाच्या दारात जाऊ नका. पाल त्याच्याच ओळखीच्या जागेवर असतं, संध्याकाळी ते उठवलं जातं. आधी कुटुंबाला विचारा त्यांना काय हवंय. मग फोनवर सामंजस्याने, मग कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना तो उत्पन्न न पाहता मोफत मिळतो, नंबर १५१००.

उचल फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत, कागद काढून घेतले आहेत, मूल कुणाकडे कामाला ठेवलं आहे, असं कानावर आलं तर ती साधी मजुरीची तक्रार राहत नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं किरकोळ रकमेच्या बदल्यात मेंढ्या राखायला वेठीला ठेवल्याचं उघडकीला आलं, म्हणजे हे आपल्या जिल्ह्याबाहेरचं नाही. अशा वेळी स्वतः पैसे भरून सोडवून आणू नका. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, मूल असेल तर १०९८ आणि बाल कल्याण समिती. सुटकेनंतर मुक्तता प्रमाणपत्र हातात पडलंच पाहिजे. ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत आणि पुढचं पुनर्वसन त्याच कागदावर अवलंबून असतं. गुपचूप सोडवून आणलेलं घर दोन वर्षांत पुन्हा त्याच उचलीत सापडतं.

प्लॉटमालकाशी संबंध ठेवा, पण त्याच्याकडे राहण्याचा दाखला मागायला जाऊ नका. त्याला जागेवर हक्क सांगतील ही भीती असते आणि एका सहीच्या मागणीने अख्खी वस्ती हलू शकते. त्याच्याकडे पाण्याचा नळ आणि एखादा मोबाइल शौचालय मागा. ते तो बहुधा देतो, कारण त्यात त्याचाही फायदा आहे.

संस्था नोंदवायची का? या वर्षी नको. वर जे लिहिलं त्यातल्या एकाही कामाला नोंदणी लागत नाही. नोंदणी केलीत की लेखापरीक्षण, बदल अर्ज, बैठकांची इतिवृत्तं यांत तुमची तीच दोन माणसं जातील जी आज रेशन दुकानात जाऊ शकतात. आपापसांतल्या पैशांचा हिशोब एका वहीत आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवा. बाहेर लोकांकडून वर्गणी मागायची झाली तर मात्र धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी घ्या. दोन हंगाम टिकलात आणि सात पक्की माणसं राहिली, की नोंदणीचा विचार करा. तोपर्यंत पाळणाघराच्या बाईची मजुरी, गरोदर बायकांचा आहार, प्रवासभाडं आणि फायली एवढ्यात पंधरा हजार पुरतात.

होळी होऊन गेली आहे, तेव्हा नवीन काही सुरू करण्यापेक्षा जी घरं अजून आहेत त्यांची पानं भरून घ्या. निघण्याआधी प्रत्येकाच्या बाबतीत इथली लस कार्डावर चढली का, इथे जन्मलेल्या बाळाचा दाखला हातात आला का, शाळेने हमी कार्डावर हजेरी लिहून दिली का, हे तपासा. ज्या मुलाचा दंड ११.५ च्या खाली आहे त्याचं नाव गावच्या सेविकेला त्याच दिवशी फोनवर कळवा. मेमध्ये एकदा पेठला जाऊन या. पन्नास-पंचावन्न किलोमीटर, एका दिवसाचं काम. ज्या दोन-तीन पाड्यांतून सर्वांत जास्त घरं येतात तिथल्या मुख्याध्यापकांशी, सेविकेशी आणि रेशन दुकानदाराशी तोंडओळख करून ठेवा. आणि ऑक्टोबर उजाडला की वहीतल्या प्रत्येक नंबरवर फोन करून सांगा: निघताना रेशनकार्ड, लसीचं कार्ड आणि शाळेचं हमी कार्ड बरोबर घ्या, घरातल्या सगळ्यांची केवायसी तिथेच उरकून या, आणि बाई गरोदर असेल तर आशाताईला सांगितल्याशिवाय निघू नका.